इंटिरिअर डिझायनर व्हायचंय? कोल्हापुरातून मला नेहमी येणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की माझा फोन वाजायला लागतो. कुणाची आत्या, कुणाचे शेजारी, कुणाचा जिममधला मित्र, सगळ्यांच्या घरात एकतरी पोरगं असतंच ज्याला "क्रिएटिव्ह फील्ड" पाहिजे असतं. राजारामपुरीत माझं छोटं ऑफिस आहे, चौदा वर्षं हेच काम करतेय, घरं जास्त, मग दवाखाने, थोडी दुकानं. तेच तेच सांगून घसा बसला म्हणून आता सगळं एकदाच लिहून ठेवते.

इंटिरिअर डिझायनर नक्की करतो काय? सोफा आणि पडदे निवडतो तोच ना?

सोफा-पडदे शेवटच्या पंधरा दिवसांत येतात. त्याआधीचे चार महिने कुणी फोटोत दाखवत नाही. घरातली माणसं किती, आजींना गुडघ्याचा त्रास आहे का, ओट्यापाशी उभं राहणारी बाई पाच फुटांची आहे की साडेपाच, गीझर कुठं, इन्व्हर्टर कुठं, कपडे वाळत कुठं घालणार, गणपतीत मखर कुठं बसणार, हे विचारायचं, मग प्लॅन काढायचा, मग इलेक्ट्रिकचे पॉइंट, प्लंबिंगच्या लाइनी, फॉल्स सीलिंग, फर्निचरची ड्रॉइंग्ज, मग सुतार, फरशीवाला, पेंटर, पीओपीवाला हे सगळे एकमेकांच्या पायात न येता कसे काम करतील ते बघायचं. माझा अर्धा दिवस फोनवर जातो आणि त्यातला अर्धा "आज माणूस आला नाही मॅडम" हे ऐकण्यात. डिझाइन म्हणून जे तुमच्या डोक्यात आहे ते रोज तासभर होतं, कधी तेवढंही नाही.

मग आर्किटेक्ट वेगळा का?

हो, आणि हा फरक आधी समजून घ्या. आर्किटेक्ट हा शब्द कायद्यानं राखीव आहे, १९७२ च्या आर्किटेक्ट्स ॲक्टप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असेल तरच तो लावता येतो, त्यासाठी पाच वर्षांचं बी.आर्क. लागतं. इंटिरिअर डिझायनरला आपल्याकडं असं लायसन लागत नाही. त्यामुळं उद्या कुणीही बोर्ड लावू शकतो, आणि लावतातच. तुमच्यासाठी ही सोय पण आहे आणि डोकेदुखी पण, कारण शेजारच्या गल्लीत तीन महिन्यांचा कोर्स केलेला माणूस तुमच्या अर्ध्या पैशात काम घेणार आहे.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका. भिंत पाडायचा निर्णय स्वतःच्या जिवावर घेऊ नका. पेठांमधली जुनी घरं भिंतींवर उभी आहेत, कॉलम-बीम नाहीत, आणि गिऱ्हाईक अगदी सहज म्हणतं की "सोपा आणि आतली खोली एक करून टाका की". (सोपा म्हणजे घरात शिरल्यावरची पहिली खोली.) स्ट्रक्चरल इंजिनिअर आणून दाखवा, त्याचं लेखी घ्या, मगच हातोडा.

माझं ड्रॉइंग चांगलं नाही. जमेल का?

जमेल. निसर्गचित्र काढता आलं नाही तरी चालतं, पण सुताराच्या समोर प्लायच्या तुकड्यावर पेन्सिलनं जोड कसा येणार ते दोन मिनिटांत काढून दाखवता आलं पाहिजे. ते सवयीनं येतं. रंग ओळखायचा डोळा आणि माप लक्षात ठेवायची सवय या दोन गोष्टी जास्त कामाच्या आहेत.

सायन्सच लागतं का?

नाही. बहुतेक इंटिरिअरच्या डिग्री-डिप्लोमाला कुठल्याही शाखेची बारावी चालते. आयआयटीतल्या बी.डेस. या डिझाइनच्या डिग्रीसाठी जी यूसीड परीक्षा आहे तिलाही कुठल्याही शाखेचं पोरगं बसू शकतं. पुढं कधी आर्किटेक्चरकडं वळायचा विचार असेल तर मात्र फिजिक्स-मॅथ्स सोडू नका, नाहीतर तो दरवाजा बंद.

कुठला कोर्स करू? कोल्हापुरातच करू की पुण्या-मुंबईला जाऊ?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर ऐकून आई-बाबांचे चेहरे पडतात.

ज्यांना परीक्षा देऊन मोठ्या ठिकाणी जायची ताकद आहे त्यांनी जावंच. अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ, तिथलीच एनआयडी ही डिझाइनची राष्ट्रीय संस्था, मुंबईचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, जे १८५७ सालापासून आहे आणि जिथं इंटिरिअर डेकोरेशनचा वेगळा विभाग आहे. असल्या ठिकाणी नुसतं शिक्षण मिळत नाही, चार राज्यांतली पोरं भेटतात, डोळे उघडतात. त्याची तयारी अकरावीपासून करायची, बारावीच्या निकालानंतर नाही.

पण वर्षाला लाखाच्या वर फी घेणारं, एसी क्लासरूम, भिंतीवर परदेशातले फोटो, असलं चकचकीत कॉलेज बघितलं की मी थोडी सावध होते. तिथं जाऊन तीनच गोष्टी विचारा. डिग्री कुठल्या विद्यापीठाची, की फक्त त्यांच्याच संस्थेचं सर्टिफिकेट? शिकवणाऱ्यांपैकी आज स्वतः साइट चालवणारे किती? आणि मटेरियल लॅब दाखवा म्हणावं. लॅब म्हणून लॅमिनेटच्या चार फाइली दाखवल्या तर चहा प्या आणि निघा.

कोल्हापुरात राहून डिप्लोमा किंवा डिग्री करून, सोबत दुपारनंतर कुठल्यातरी ऑफिसात काम केलेली पोरं मी बघितलीत, ती बाहेर महागडी डिग्री घेऊन आलेल्यांपेक्षा पहिल्या दोन वर्षांत पुढं असतात. पाच-सात वर्षांनंतर मात्र हिशोब बदलतो, तेव्हा ज्यानं जास्त बघितलंय, जास्त वाचलंय, त्याचं काम वेगळं दिसायला लागतं. त्यामुळं इथंच शिकलात तर बाहेरचं बघायची सवय स्वतःला लावून घ्या, ती कोण लावणार नाही.

सॉफ्टवेअर कुठली शिकू? लॅपटॉप कसला?

ऑटोकॅड आणि स्केचअप, एवढ्यावर सुरुवात होते. नंतर रेंडरसाठी, म्हणजे खोलीचं फोटोसारखं चित्र काढायला, व्ही-रे, एनस्केप, लुमिऑन यातलं एखादं. ऑटोडेस्कची सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना फुकट मिळतात आणि स्केचअपची ब्राउझरमध्ये चालणारी फुकट आवृत्ती आहे, त्यामुळं पहिल्याच महिन्यात कुठल्या क्लासला चाळीस हजार भरू नका. लॅपटॉप घेताना ग्राफिक्स कार्ड वेगळं असलेला आणि १६ जीबी रॅमचा घ्या, बाकी रंग कुठला पण चालेल.

आता एआय एका मिनिटात थ्रीडी काढून देतंय, मग आमचं काय?

गिऱ्हाईक आत्ताच मला फोनवर असली चित्रं पाठवतात. परवा एकांनी किचन पाठवलं, दिसायला एकदम झकास, पण त्यात सिलिंडर ठेवायला जागाच नव्हती आणि ओट्याचा वरचा कप्पा उघडायला शिडी लागली असती. नुसत्या थ्रीडी व्ह्यूवर पोट भरणाऱ्यांना त्रास होणार हे खरं आहे. साइटवर जाऊन माप घेणाऱ्याला अजून तरी कुणी उठवलेलं नाही.

साइटवर नक्की काय शिकायचं असतं? कॉलेजात शिकवत नाहीत का?

कॉलेजात मिलिमीटर शिकवतात. सुतार सूत बोलतो. आठ सूत म्हणजे एक इंच. तुम्ही ड्रॉइंगवर ६०३ लिहिणार आणि तो विचारणार "म्हणजे दोन फूट वजा किती सूत?", तिथं तुम्ही मोबाइल काढून भागाकार करत बसलात की त्यानं ओळखलं, पोरगं नवीन आहे. (दोन फूट वजा दोन सूत, जवळजवळ.)

दुसरं, गुण्या. खोली गुण्यात आहे का ते बघायचं, म्हणजे कोपरे काटकोनात आहेत का. नव्वद टक्के खोल्या नसतात असं माझं मत झालंय, ज्याला पटत नाही त्यानं स्वतःच्या बेडरूमचे दोन कर्ण मोजावेत, सारखे आले तर पेढे माझ्याकडून. भिंत ओळंब्यात नसेल, म्हणजे सरळ उभी नसेल, तर वॉर्डरोब खाली चिकटतो आणि वर पाऊण इंच फट राहते, मग ती पट्टी लावून झाकायची. माप खोलीच्या एकाच ठिकाणी घेऊन निघून आलेल्या माणसाला हे कळतच नाही. खाली, मध्ये आणि वर, तिन्ही ठिकाणी घ्यायचं आणि सगळ्यात कमी येईल ते धरायचं.

तिसरं, मटेरियलचा हिशोब. प्लायची शीट आठ बाय चार, म्हणजे ३२ चौरस फूट. आता सात फूट उंच, सहा फूट रुंद, दोन फूट खोल असा तीन दारांचा वॉर्डरोब घ्या. दारं ४२ चौरस फूट, चार उभ्या बाजू ५६, वर-खाली मिळून २४, आणि दोन बाय दोनचे बारा कप्पे धरले तर ४८. एकूण १७० चौरस फूट. ३२ नं भागलं तर सव्वापाचच्या थोडं वर येतं, पण तुकडे कसे निघतात ते कागदावर मांडून बघितलं की सहा शीट लागतात, मागचा पातळ प्लाय वेगळा. हे गणित ज्याला येतं त्याला कुठला सुतार आठ शीट मागू शकत नाही, आणि गिऱ्हाईक तुमच्यावर विश्वास ठेवतं ते असल्या कागदामुळं, थ्रीडीमुळं नाही.

चौथं, प्लायचे प्रकार. साधा एमआर म्हणजे दमट हवा सोसणारा, पाणी सोसणारा नाही. किचन आणि बाथरूमजवळ आयएस ७१० या मानकाचा प्लाय, ज्याला दुकानदार मरीन म्हणतात. त्याची चाचणी ७२ तास उकळून करतात. शिक्का बघायचा, नुसतं "वॉटरप्रूफ आहे वो मॅडम" यावर जायचं नाही. टिंबर मार्केटमध्ये एक दिवस नुसतं फिरा, काही विकत घेऊ नका, शीट उचलून वजन बघा, कडेनं थर मोजा, मध्ये पोकळी दिसते का बघा. लाजायचं नाही, दुकानदार पहिल्यांदा हसतात, तिसऱ्यांदा चहा देतात.

कोल्हापुरात एवढं काम आहे का? की शेवटी पुण्यालाच जावं लागतं?

आहे. कळंबा, आर. के. नगरच्या बाजूला नवीन फ्लॅट, बंगले चालूच आहेत, राजारामपुरीत दवाखाने आणि क्लासेस दर दोन-चार वर्षांनी नवं रूप मागतात, गोकुळ शिरगाव-शिरोलीच्या कारखानदारांना ऑफिसं पाहिजेत. शिवाय उद्यमनगरसारखं छोट्या वर्कशॉपचं ठिकाण किती शहरांकडं आहे सांगा. मला एखादा लोखंडी पाय, वेगळा हँडल, जिन्याचं रेलिंग करून पाहिजे असलं की मी कॅटलॉग बघत नाही, उद्यमनगरात जाते, ड्रॉइंग दाखवते, आठवड्यात नमुना हातात. पुण्यातल्या मैत्रिणींना याचा हेवा वाटतो.

पण कोल्हापूरचं म्हणून एक वेगळं शिक्षण आहे, ते पुराचं. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै इथल्या कुणाला सांगायला नको. पंचगंगेचं पाणी नागाळा पार्क, शाहूपुरीचा काही भाग, दुधाळी, सुतारवाडा इथं घरात शिरलं आणि पाणी उतरल्यावर मी जी फर्निचर बघितली ती अजून डोळ्यासमोर आहेत. प्लाय फुगून थर सुटलेले, लॅमिनेट केळीच्या सालीसारखं सोललेलं, ड्रॉवर असे घट्ट की कुऱ्हाडीनं फोडावे लागले. आणि त्याच घरात आजोबांच्या काळातलं सागवानी कपाट धुऊन उन्हात ठेवल्यावर पुन्हा उभं राहिलं.

तेव्हापासून पूररेषेच्या आसपासच्या घरात मी तळमजल्याला खालचे चार फूट वेगळंच समजते. तिथं प्लाय नाही. कडाप्पाचे कप्पे किंवा डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिकचा) बोर्ड, किचनच्या खालच्या भागाला स्टेनलेस स्टील, भिंतीला ठोकलेल्या मोठ्या वस्तूंऐवजी उचलून माडीवर नेता येतील अशा सुट्या वस्तू, आणि प्लगचे पॉइंट जेवढे वर घेता येतील तेवढे वर. पॉइंट वर दिसतात म्हणून लोक नाराज होतात, तेव्हा मी फक्त विचारते, २०१९ ला पाणी कुठपर्यंत होतं, भिंतीवर हात लावून दाखवा. मग कोण काही बोलत नाही.

पुण्याला दोन वर्षं जाऊन या, वाईट नाही. परत यायला लाजू नका एवढंच.

मुलगी आहे. साइटवर कारागीर ऐकतात का?

पहिले सहा महिने ऐकत नाहीत. मलाही "साहेब कधी येणार?" असं विचारायचे, साहेब कोण तर माझ्यासोबत माप धरायला आलेला भाऊ. राजस्थानी सुतार असतात, गावाकडचे मिस्त्री असतात, त्यांनी आयुष्यभर पुरुषांकडूनच ऑर्डरी घेतलेल्या. ओरडून काही होत नाही. एकदा मी एका मिस्त्रींना म्हटलं, काका, तुमची चौकट दोन सूत बाहेर आहे, ते म्हणाले नाही, मी ओळंबा लावून दाखवला, दोन सूत बाहेर होती. त्या दिवसापासून ते मला न विचारता खिळा मारत नाहीत. माझ्याकडं आत्ता एक पोरगी आहे, गडहिंग्लजची, पहिल्या दिवशी म्हणाली "मॅडम, मी उद्यापासून साइटवर येतो", आणि आता तिला बघून पेंटर बिडी विझवतात.

सुरक्षेचं विचाराल तर संध्याकाळी उशिरा रिकाम्या बिल्डिंगमध्ये एकटीनं जायचं नाही, मी आजही जात नाही. आणि साइटवर बाथरूम नसतं ही खरी अडचण आहे, याबद्दल कुणीच बोलत नाही. सुरुवातीलाच एक टॉयलेट चालू ठेवायला सांगायचं, कारागिरांसाठी पण.

पैसे किती मिळतात?

सुरुवातीला कमी. मी स्वतः सहा हजारांवर लागले होते, आणि त्यातले दोन पेट्रोलला जायचे. आता आकडे वाढलेत पण शिकाऊ माणसाला पहिली दोन वर्षं कुणी भरभरून देत नाही, हे धरूनच या.

स्वतःचं काम सुरू केल्यावर फी घ्यायच्या तीन-चार पद्धती आहेत. चौरस फुटावर, कामाच्या एकूण खर्चावर टक्के, ठोक रक्कम, किंवा मटेरियल-मजुरीसकट सगळं काम अंगावर घेणं, ज्याला टर्नकी म्हणतात. समजा दहा लाखांचं काम आहे आणि तुम्ही आठ टक्के लावले तर ऐंशी हजार. ऐकायला बरं वाटतं, पण काम पाच महिने चाललं तर महिन्याला सोळा हजार झाले, त्यातून ऑफिसचं भाडं, पेट्रोल, हाताखालच्या पोराचा पगार. म्हणून एका वेळी तीन-चार कामं चालवावी लागतात, आणि ती चालवता येणं हे वेगळंच कसब आहे.

आता अवघड विषय. दुकानदार तुम्हाला कमिशन देणार. प्लायवाला, टाइल्सवाला, लाइटवाला, सगळे. "डिझाइन फ्री" म्हणणारे कुठून कमावतात ते आता कळलं असेल. गिऱ्हाइकाला न सांगता घेतलेलं कमिशन एक ना एक दिवस बाहेर येतं, कोल्हापूर लई लहान गाव आहे, प्लायवाल्याचा मेव्हणा तुमच्या गिऱ्हाइकाचा वर्गमित्र निघतो. मी पहिल्याच मीटिंगला सांगते, माझी फी ही अशी, दुकानात जो काही डिस्काउंट मिळेल तो तुमच्या बिलात. काही लोक उठून जातात. जाऊ देत.

वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या पुढं गेली की जीएसटी नोंदणी करावी लागते आणि फीवर १८ टक्के लागतो, तेव्हा पहिल्या वर्षापासूनच एखादा सीए धरा. आणि पैसे टप्प्याटप्प्यानं घ्या, प्लॅनच्या आधी थोडे, ड्रॉइंग दिल्यावर थोडे. शेवटच्या टप्प्याला दहा टक्क्यांच्या वर शिल्लक ठेवू नका, कारण वास्तुशांतीचं जेवण झालं की लोकांना तुमचा नंबर आठवत नाही.

पहिलं काम मामाच्या फ्लॅटचं मिळतंय. घेऊ का?

घ्या, पण फी ठरवून. शंभर रुपये का असेना, ठरवून. फुकट केलेल्या कामात मामी रात्री अकराला फोन करून हँडल बदलायला सांगतात आणि तुम्हाला नाही म्हणता येत नाही. आणि प्रत्येक बदल व्हॉट्सॲपवर लिहून पाठवायचा, "आज ठरल्याप्रमाणे शटरचा रंग बदलला, खर्च इतका वाढला". भांडण झालंच तर तेवढाच एक पुरावा.

चूक झाली तर कोण भरतं?

तुम्ही. माझ्या तिसऱ्या का चौथ्या कामात मी फ्रिजची जागा कॅटलॉगमधल्या रुंदीवर काढली, त्याहून दोन इंच जास्त सोडले आणि खूश झाले. फ्रिज आला, बरोबर बसला, आणि दार काही पूर्ण उघडेना, शेजारच्या भिंतीला अडलं. दार पूर्ण उघडल्याशिवाय आतला भाजीचा खण बाहेर येत नाही. त्या ताईंनी शांतपणे वाकून खण ओढून दाखवला, येत नव्हता, काहीच बोलल्या नाहीत. ओट्याचा ग्रॅनाइट कापून कपाट अरुंद करून जागा केली आणि खर्च माझ्या फीतून गेला. तेव्हापासून वस्तूचं माप वेगळं आणि वस्तू वापरणाऱ्या माणसाचं माप वेगळं लिहिते.

वास्तुशास्त्र मानावं लागतं का?

तुम्ही माना नाहीतर नका मानू, गिऱ्हाईक मानतं. देवघर ईशान्येला, स्वयंपाक आग्नेयेला, डोकं उत्तरेला नको, एवढं तरी माहीत पाहिजे, नाहीतर सगळा प्लॅन फायनल झाल्यावर एक काका येतात आणि होकायंत्र काढतात. मी पहिल्याच दिवशी विचारते, घरात कोण वास्तू बघणार असेल तर आत्ताच बोलवा. वाद घालत बसत नाही. फक्त वास्तूसाठी संडासाची लाइन हलवायची म्हणाले तर खालच्या मजल्यावर गळती होईल हे सांगते, आणि ते बहुतेकांना देवापेक्षा लवकर पटतं.

वय ३८ आहे, मुलं मोठी झाली. आता सुरू करू का?

करा की. घर चालवलेल्या बाईला किचनचं जेवढं कळतं तेवढं बावीस वर्षांच्या पोराला कळत नाही. एक वर्षाचा डिप्लोमा, आणि वर्षभर कुणाच्या तरी हाताखाली. फक्त तिथं बॉस तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असेल, त्याची तयारी ठेवा.

अभ्यास म्हणून बघायला कुठं जाऊ?

मोबाइल खिशात ठेवून आधी आपलंच बघा. न्यू पॅलेस १८८४ चा, मेजर चार्ल्स मँट या आर्किटेक्टचा, टाउन हॉलचं म्युझियमही त्याचंच. तिथल्या खिडक्यांची उंची आणि आत येणारा उजेड बघा. कणेरी मठावरच्या म्युझियममध्ये जुन्या घरातली मांडणी. आणि एकदा खिद्रापूरला जा, कोपेश्वराच्या देवळातल्या स्वर्गमंडपात बरोबर मध्ये उभे राहा, छताला गोल मोकळी जागा आहे, तिथून पडणारा उजेड दिवसभर कसा सरकतो ते बघा, लाइटिंगचा एवढा चांगला तास मला कुठल्या वर्गात मिळाला नाही. केशवराव भोसले नाट्यगृह शाहू महाराजांनी १९१५ ला उभं केलं, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. मी लहानपणी तिथं नाटकं बघितलीत, माइक नसला तरी मागच्या रांगेत ऐकू यायचं. जुन्या लाकडी वास्तूंमध्ये वायरिंग आणि आग या गोष्टी किती गंभीरपणे घ्यायच्या ते मला त्या रात्रीनं शिकवलं.

आणि कुणा मैत्रिणीच्या पेठेतल्या आजोळी जा. सोपा, माजघर, भिंतीतलं फडताळ, दिव्याची देवळी. भिंतीच्या जाडीतच कपाट करायची ती पद्धत मी आजही लहान फ्लॅटमध्ये चोरते.

तुमच्याकडे इंटर्नशिप मिळेल का?

वर्षाला दोघांनाच घेते. पोर्टफोलिओ, रेंडर काही आणू नका. स्वतःच्या घरातली एक खोली टेपनं मोजायची, दारं, खिडक्या, स्विचबोर्ड, पंख्याचा हुक, बीम कुठं उतरलाय, सगळं हातानं कागदावर काढायचं आणि तो कागद घेऊन शनिवारी सकाळी अकराच्या आत यायचं. दोन्ही कर्ण पण मोजून लिहा, मी तेच आधी बघते.